दोषाचे कारण

"ही चाख," असं म्हणून तिनं स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. झाकणावर फडकं होतं आणि फडक्याला दोन घट्ट गाठी मारलेल्या होत्या.

मी चाखणीच्या खोलीत होते. परतवाड्याच्या आमच्या प्रतवारी केंद्रात त्या खोलीचं सोवळं देवघरापेक्षा कडक. चपला बाहेर, अंगाला पावडर नाही, केसांना वासाचं तेल नाही, दुपारच्या डब्यात कांदा-लसूण नाही. आणि ही बाई कोणालाही न विचारता सरळ आत आली होती. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता. माझ्यासमोर बारा कप मांडलेले होते आणि त्या वासानं ते सगळे वाया गेले होते.

"आधी बाहेर व्हा," मी म्हटलं. "इथं कोणाला येता येत नाही."

"बाहेर जातो मी. पण तू हे चाख."

तिच्या तोंडच्या 'तू'मध्ये उद्धटपणा नव्हता. वरच्या डोंगरातल्या कोरकू आदिवासींच्या मराठीत 'तुम्ही' फारसं नसतंच, आणि बायकाही 'जातो', 'बसतो' असंच बोलतात. कलेक्टरलाही ते 'तू'च म्हणतात. तरी त्या दिवशी मला ते टोचलं. मी सव्वीस वर्षांची होते, बंगळूरला वर्षभर कॉफी चाखायचं शिक्षण घेऊन आले होते, आणि केंद्रात माझं नाव 'काळमेघ मॅडम' असं पाटीवर लागलं होतं.

"कुठल्या तुम्ही?"

"आवळढाना. सुमरती मावस्कर."

मग मला कळलं ती का आली ते. आठवड्यापूर्वीच मी आवळढान्याचा नमुना नापास केला होता. सलग तिसऱ्या वर्षी.

चिखलदऱ्याच्या डोंगरात कॉफी होते, हे अजूनही पुष्कळांना खरं वाटत नाही. इंग्रजांनी लावलेली झाडं. पुढं कोरकू लोकांनी ती आंब्या-फणसाच्या सावलीत आपापल्या घरामागं वाढवली. आमच्या केंद्रानं त्या कॉफीला 'गाविल' असं नाव दिलं होतं, आणि त्या नावाला मागणी होती. म्हणूनच ते नाव कोणालाही लावता येत नसे. बाग तीन हजार फुटांच्या वर हवी. झाड अरेबिकाचंच हवं. पिकून लाल झालेलंच फळ तोडायचं, धुवायचं, टरफलासकट वाळवायचं. ओल बारा टक्क्यांच्या आत. मग टरफल काढून दाणा चाळण्यांवर चढायचा. मोठ्या भोकाच्या चाळणीवर राहिला तो पहिल्या प्रतीचा, खाली पडला तो दुसऱ्या-तिसऱ्या. काळे, किडके, फुटके दाणे मोजले जायचे. आणि हे सगळं पार पडलं की शेवटी कप. कपात नापास म्हणजे नापास, दाणा कितीही देखणा असो. सलग तीन वर्षं नापास झालेल्या गावाची नोंद रद्द. मग कॉफी त्याच डोंगरावर पिकली तरी तिला कोणी 'गाविल' म्हणायचं नाही.

आवळढाना हे सगळ्यांत वरचं, सगळ्यांत लांबचं गाव. एकोणीस घरं.

"बाई," मी जरा आवाज उतरवून म्हटलं, "मला ही कॉफी चाखता येणार नाही. केंद्राच्या गोणीत, केंद्राचं सील लावून आलेलाच नमुना चाखायचा, असा नियम आहे. डब्यातून आणलेला चालत नाही. उद्या कोणीही कुठलीही कॉफी डब्यात भरून आणेल."

"मी कोणीही नोहो."

"ते ठीक आहे. पण नियम आहे."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. चाळिशीची असेल. काळीसावळी, काटक, गळ्यात चांदीची सरी. तिनं डबा उचलला नाही. "मी बाहेर बसतो," एवढंच म्हणाली आणि गेली.

ती व्हरांड्यात बसली. संध्याकाळी आम्ही कुलूप लावलं तेव्हा बसली होती, सकाळी उघडलं तेव्हाही होती. बाजारात कोण्या नात्यातल्या बाईकडं निजायला गेली होती म्हणे. दुसरा दिवसही तिनं तिथंच काढला. कोणाशी भांडली नाही, रडली नाही, हात जोडले नाहीत. जेवायच्या सुट्टीत मी तिच्या समोरून गेले की ती फक्त मान वर करायची. केंद्रप्रमुख ठोसरसाहेब जाता-येता म्हणाले, "काळमेघ, तिला समजावून पाठवून द्या." मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "चाखली का?"

तिसऱ्या दिवशी मी लवकर गेले, कोणी यायच्या आत. डब्याच्या गाठी सोडल्या. टरफल हातानं काढलं, मूठभर दाणे भाजले, दळले, तीन कपांत घातले, वरून गरम पाणी ओतलं. चार मिनिटांनी चमच्यानं वर जमलेला चुऱ्याचा थर मोडला आणि नाक खाली नेलं.

संत्र्याची साल. त्याच्या मागं ताज्या काकवीचा गोडवा. मी चमचाभर जोरात ओढून घेतलं, जिभेवर फिरवलं, थुंकलं. तिन्ही कप तसेच. आवळढान्याच्या नमुन्यात दर वर्षी लागायचा त्या मातकट वासाचा मागमूस नाही. त्या हंगामात माझ्या टेबलावर आलेला तो सगळ्यांत स्वच्छ कप होता.

मी बाहेर गेले. सुमरती नुकतीच येऊन टेकत होती.

"खरं सांगा. ही कॉफी आवळढान्याचीच कशावरून? दुसऱ्या गावाहून तर नाही ना आणली?"

ती उठली. लुगडं झटकलं. "चाल मंग," ती म्हणाली. "वर चाल. पाहून घे."

मी दोन दिवसांची रजा टाकली. आज वाटतं तितका तो धाडसी निर्णय नव्हता. मला तिची लबाडी पकडायची होती, असंच मी स्वतःला सांगितलं होतं.

चिखलदऱ्यापर्यंत एसटी, तिथून जीप, आणि जीप थांबली तिथून पुढं दोन तास पायी. सुमरती पुढं चालत होती, मी मागं धापा टाकत. वाटेत फार बोलणं झालं नाही. एकदा मी विचारलं, "तुमचे मालक काय करतात?" ती म्हणाली, "बांबू सोलतो तो." पुढं काही नाही.

आवळढान्यात पोचलो आणि पहिल्याच घरामागं मी थांबले. कमरेइतक्या उंचीचा लाकडी माच होता, त्यावर बांबूचे तट्टे, आणि तट्ट्यांवर पिवळसर टरफलातली कॉफी दोन बोटं जाडीनं पसरलेली. खालून वारा खेळत होता. पुढच्या घरामागं तसाच माच. त्याच्या पुढं तसाच. सगळ्या ढान्यात, म्हणजे त्या पाड्यात, एक दाणा जमिनीवर वाळत नव्हता.

"हे माच कधी बांधले?" मी विचारलं.

"हा? माह्या सासऱ्याच्या टायमाचा हाये. तट्टे नवे करतो दर साली."

माझ्या डोळ्यांसमोर एक छापील फॉर्म आला होता. त्यात शेवटून दुसरा रकाना होता, 'दोषाचे कारण'. पहिल्या वर्षी आवळढान्याच्या कपात मला मातकट वास लागला, तो रकाना मी कोरा सोडला होता, आणि ठोसरसाहेबांनी फॉर्म परत पाठवला होता, कोणताही रकाना रिकामा ठेवू नये म्हणून. बंगळूरच्या पुस्तकात मातकट वासासमोर पहिलं कारण छापलं होतं, उघड्या जमिनीवर वाळवणी. मी तेच उतरवलं. 'जमिनीवर वाळवणी. निष्काळजीपणा.' दुसऱ्या वर्षी मागचा फॉर्म समोर ठेवून पुन्हा तेच. या वर्षीचा फॉर्म अजून भरायचा होता.

सुमरतीच्या घरापुढं एक माणूस पाठमोरा बसून बांबूच्या पट्ट्या सोलत होता. आम्ही आलो तरी त्यानं मान वळवली नाही.

"बरं नाही का यांना?"

"बरं हाये," सुमरती म्हणाली आणि मला आत घेऊन गेली.

शेवटच्या तोडणीची थोडी कॉफी दुसऱ्या दिवशी खाली डेपोत जायची होती. मी ओल मापायचं यंत्र आणलं होतं. मापली, अकरा टक्के. माचावरचे दाणे दातांनी फोडून पाहिले. मग बायकांनी टोपल्या भरल्या आणि त्यांच्याबरोबर मी उतरले. टोपली कुठं टेकते, कशावर टेकते, कोण हात घालतं, सगळं बघत होते. वाटेत पाणी प्यायला थांबल्या तर टोपल्या दगडावर ठेवल्या, मातीवर नाही. सुमरती एकदा वळून म्हणाली, "पाह्य. चांगली पाह्य."

डेपो म्हणजे आमच्या केंद्राचंच मधलं गोदाम. तिथं टोपल्यांतली कॉफी केंद्राच्या गोण्यांत ओतायची, शिवायची, सील लावायचं. गोदामाचे गावंडेबाबू मला पाहून गडबडले.

"म्याडम, तुम्ही इकडं? च्या मांडू का?"

"चहा नको. गोण्या दाखवा."

त्यांनी मागच्या खोलीतून गोण्या आणल्या. पिवळ्याधमक तागाच्या असतात तशा नव्हत्या. काळपट होत्या, आणि आतली बाजू बाहेर केलेली होती. केंद्राचा शिक्का मात्र नवा, निळा.

"या कुठल्या?"

"काय करता म्याडम," गावंडेबाबू कानशील खाजवत म्हणाले. "खालून नव्या गोण्या मोजक्याच येतात. खालची गावं आधी माल आणतात, त्यायले पुरते. आवळढाना पडते शेवटचं. मग बटाट्याच्या असतात ना पडलेल्या, त्या झटकून, उलट्या करून देतो. शिक्का तर आपलाच मारतो. नियमात बसवलं हाये सगळं."

"किती वर्षांपासून?"

"तीन-एक साल झाले."

मी एक गोणी उघडली आणि त्यात तोंड घातलं. ओली माती, कुजका बटाटा, बंद तळघर. तीन वर्षं मी हाच वास कपात चाखत होते. जीभ माझी बरोबर होती. बाकी सगळं चूक होतं.

गोणीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा सुमरती समोर उभी होती. तिनंही वाकून वास घेतला. आपली टोपली तिनं त्या गोणीत ओतू दिली नाही.

नोंदीचा निर्णय घ्यायला समिती बारा दिवसांनी बसायची होती. मी त्याच टोपलीतली कॉफी तीन ठिकाणी भरली. एक भाग डब्यात, एक नव्या गोणीत, एक बटाट्याच्या गोणीत, आणि गावंडेबाबूंच्या त्याच खोलीत ठेवून दिली. ठोसरसाहेबांना जाऊन सांगितलं. ते पेपरवेट बाजूला ठेवून म्हणाले, "समितीपुढं चाखणी ठेवू. झाकून. कोणता कप कशातला ते कोणाला सांगायचं नाही." माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

समितीत साहेबांखेरीज दोघं होते. नागपूरचे एक प्राध्यापक आणि बंगळूरहून आलेले एक म्हातारे चाखणारे, ज्यांनी चाळीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. मी कप मांडले. म्हातारे एकेका कपावर वाकत, चमचा ओढत पुढं सरकले. पहिले दोन झाले, मान हलली. तिसऱ्यावर नाक नेलं आणि चमचा न बुडवताच ते मागं झाले.

"यह कॉफी नहीं," ते म्हणाले. "यह बोरी है."

प्राध्यापकांनी चाखून तोंड वाकडं केलं. मी कागद उलटून दाखवला, तिसरा कप कशातला होता तो.

निर्णय व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आवळढान्याची नोंद राहणार. पुढच्या हंगामापासून सगळ्या गावांना नव्या गोण्या. ठोसरसाहेबांनी ठरावाचा मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला, 'आवळढाना येथील वाळवणीत यंदा सुधारणा आढळल्याने व फेरचाखणीत कप निर्दोष ठरल्याने नोंद चालू ठेवण्यात येत आहे.' गोण्यांचा उल्लेख नव्हता. मी साहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "काम झालं ना? गावाची नोंद राहिली. बाकीचं कशाला उगाळायचं?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? मी त्या ठरावावर आनंदानं सही केली.

दोन दिवसांनी रविवार होता. ठरावाची प्रत घेऊन मी एकटीच वर गेले. वाट आता ओळखीची झाली होती. सुमरती अंगण सारवत होती. मी लांबूनच ओरडले, "राहिली! नोंद राहिली!"

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. ती ऐकत होती. 'सुधारणा'पाशी तिनं मला थांबवलं.

"सुधारणा म्हंजे?"

"म्हणजे पहिल्यापेक्षा चांगलं झालं."

"म्हंजे पयले आमी घाण करत होतो?"

"तसं नाही... ती सरकारी भाषा असते. आता नोंद राहिली ना, जुन्या कागदांचं काय एवढं?"

ती खाली बसली. मलाही बसायला खुणावलं. घराच्या पलीकडच्या बाजूनं बांबू सोलल्याचा आवाज येत होता. तिनं आवाज हळू केला.

"तो माहा नवरा. सानू. साऱ्या ढान्याची कॉफी तो वाळवत होता. वीस साल. कवा उलथायची, कवा झाकायची, कोणाची किती दिवस, समदं त्याच्याच हाती. पयल्या साली तुमचा कागद आला, तवा मास्तरनं समद्यायपुढं वाचला. जमिनीवर वाळवली. निष्काळजीपणा. लोक म्हणे, पिऊन पडला असंन, कॉफी खाली सांडली असंन, भरून टाकली असंन. तो म्हणे, नाई. कोणी आयकलं नाई. दुसऱ्या साली दोन महिने तो माचापाशीच राह्यला. भाच्याच्या लग्नाले नाई गेला. अन् पुन्हा तोच कागद."

"मग?"

"मंग पंच बसले. काम काढून घेतलं त्याचं. तवापासून बोलत नाई तो. कोणाशीच नाई. माह्याशी बी नाई." ती थांबली. "या साली ते काम मी मागून घेतलं. समदी कॉफी मी सोता वाळवली. एक दाणा खाली पडू देला नाई. अन् तरी तू नापास केली. तवा मले समजलं का त्याचं काईच चुकलं नोतं. वीस सालात कवाच नाई. म्हणून आलो मी खाली डबा घेऊन."

मला वाटत होतं ती नोंदीसाठी तीन दिवस व्हरांड्यात बसली होती.

"मलेबी," ती पुढं म्हणाली, "पंधरा दिवस का होईना, वाटलं होतं बरं. का पिलाच असंन तो." हे सांगताना तिनं पहिल्यांदाच माझ्यावरची नजर काढली. "नोंद राहू दे, नाई तर जाऊ दे. तो कागद बदल."

मी तो दिवस तिथं थांबले नाही. आल्या पावली उतरले. सोमवारी साडेदहाला मी ठोसरसाहेबांच्या टेबलासमोर उभी होते. हातात लिहून आणलेला अर्ज होता. आवळढान्याचे मागचे दोन्ही अहवाल मी चुकीच्या माहितीवर लिहिले, ते मागं घेत आहे, दोष केंद्रानं दिलेल्या गोण्यांचा होता.

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"काळमेघ, हे आवक रजिस्टरात घेतलं की केंद्राच्या नावावर जातं, कळतंय ना? त्या दोन वर्षांचा बाकीच्या गावांचा माल बाहेर गेलेला आहे. लोक विचारतील, त्याच्या गोण्या कशा होत्या? नाव उभं करायला आठ वर्षं लागली."

"बाकीच्यांच्या गोण्या नव्या होत्या, सर. मी गावंडेबाबूंची वही पाहिली आहे. तसं लिहिलंय खाली."

"तुमची कायम होण्याची फाईल माझ्याकडंच आहे. मी धमकी देत नाही, वस्तुस्थिती सांगतो. वरून विचारलं, की अहवालावर न बघता कारण लिहिणारी अधिकारी कायम करायची का, तर मी काय उत्तर देऊ?"

"खरं ते द्या."

ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "रकाना रिकामा ठेवू नका असं मी सांगितलं होतं. ते यात लिहिलेलं नाही तुम्ही."

"लिहायला तुम्ही सांगितलंत. काय लिहायचं ते नव्हतं सांगितलं. ते माझं मी लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मला वाटलं आता फाडतात. पण त्यांनी फाडला नाही, शिपायालाही हाक मारली नाही. स्वतः उठून आवकेचा शिक्का आणला, मारला, क्रमांक टाकला आणि प्रत माझ्या हातात दिली.

मी कायम झाले नाही. जूनमध्ये मला मोकळं करण्यात आलं. त्या गोष्टीचं दुःख पुष्कळ दिवस झालं. झालं नाही असं म्हणणार नाही. आई तर वर्षभर लोकांना सांगत राहिली की नोकरी मीच सोडली. पुढं बंगळूरला खाजगी चाखणीत मला काम मिळालं आणि तिथंच आयुष्य गेलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज परदेशात परीक्षक आहेत. त्यांनी कारण न बघता लिहिलं की मी फॉर्म परत करते, एवढं सोडलं तर त्यांना ही गोष्ट ठाऊक नाही. नव्या गोण्या मात्र पुढच्या हंगामात सगळ्या गावांना गेल्या. ठोसरसाहेबांनी पाठवल्या.

पण हे सगळं नंतरचं. तो शिक्का बसला त्याच आठवड्यात मी पुन्हा वर गेले. सुमरतीनं ढान्यातली माणसं बोलावली होती. पंच आले, बाया आल्या, मास्तर आले. मास्तर म्हणाले, "द्या, मी वाचतो."

"नाही," मी म्हटलं. "मी वाचते."

सानू अंगणाच्या कडेला पाठमोराच बसला होता. हातातली पट्टी त्यानं खाली ठेवली होती, पण वळला नव्हता.

मी वाचायला लागले. एक वाक्य झालं की थांबायचे, सुमरती ते कोरकूत सांगायची. 'माझ्या पाहणीत आवळढाना येथे एकही दाणा जमिनीवर वाळवला जात नसल्याचे आढळले. मागील दोन अहवालांत मी लिहिलेले कारण मी प्रत्यक्ष न पाहता लिहिले होते. ते चूक होते. वाळवणी निर्दोष होती.' 'निर्दोष'ला तिला शब्द सापडेना. तिनं दोन-तीन शब्द वापरले, पंचांमधल्या एका म्हाताऱ्यानं आणखी एक सुचवला.

सानू वळला. मी त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होता. तो उठून माझ्यापर्यंत आला. त्याचं मराठी सुमरतीपेक्षा सावकाश होतं, आणि वर्षभर न वापरलेला आवाज खरखरत होता.

"तुहं नाव कुठं हाये यात?"

मी दाखवलं. त्यानं माझ्या सहीखालून बोट फिरवलं.

"अन् माहं?"

मी कागदाकडं पाहिलं. वरून खालपर्यंत पाहिलं. सगळीकडं 'आवळढाना' होतं, 'ग्रामस्थ' होतं, 'उत्पादक' होतं. त्याचं नाव नव्हतं. जुन्या अहवालांतही ते नव्हतं. मी ज्याच्यावर निष्काळजीपणा लिहिला, त्याचं नाव मला ठाऊकच नव्हतं.

"बापाचं नाव काय तुमच्या?" मी विचारलं.

"चैतू."

आवकेत गेलेल्या कागदाच्या प्रतीवर हातानं काही लिहू नये, हा नियम मला पाठ होता. मी खाली बसले, गुडघ्यावर कागद धरला आणि सहीच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. लिहून पुन्हा सही केली, तारीख घातली आणि कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, पाहिला आणि मला परत केला.

"वाच," तो म्हणाला.

मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "ही वाळवणी श्री. सानू चैतू मावस्कर यांनी केली होती."

ते वाक्य सुमरतीला कोरकूत सांगावं लागलं नाही.